रस्ता द्राक्षांचा असला म्हणून काय झालं?



आपल्या मंडळात सध्या एकच विषय चाललाय. एका मैत्रिणीची कॉलेजात शिकणारी लेक जानेवारीत नाशिकला सायकलसहलीला जाऊ म्हणतेय. तीन दिवस, दिंडोरीच्या बाजूला, टेकड्यांमधून आणि द्राक्षमळ्यांच्या कच्च्या वाटांनी. “तिकडे वाइनचे कारखाने आहेत, पोरीला कशाला पाठवायचं?” असं बऱ्याच जणींचं म्हणणं पडलं. काहींना तर बायकांनी डोंगरात सायकल घेऊन हिंडणंच पटत नाही. मला मात्र वाटतं की तिला जाऊ द्यावं. आणि तिच्या आईनं, तुम्ही-आम्हीसुद्धा, इथे रत्नागिरीत सायकल बाहेर काढावी.

आधी वाइनचं बोलून घेऊ. त्यात माझ्याकडून काहीही सूट नाही. मद्यत्याग हा आपल्या मूलगुणांतला पहिला, आणि सात व्यसनांतही मद्य आहेच. द्राक्षाचा रस आंबवायचा म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म जीव वाढवायचे आणि त्यांचा घात करायचा. “एक घोट चाखून बघण्यात काय जातं?” या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर एकच, आणि ते मुलीलाही ठाऊक आहे.

पण म्हणून द्राक्षाचा मळाच निषिद्ध ठरतो का? माझं माहेर सांगलीकडचं. तासगावच्या बाजूला आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल द्राक्षबागेवर पेटते, आणि तिथला बेदाणा देशभर जातो. नाशिकचंही तसंच. सुला १९९९ मध्ये सुरू झाली आणि नाशिकचं नाव वाइनशी जोडलं गेलं, हे खरं. तरी त्या जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं आजही खाण्यासाठीच पिकतात. आणि मैत्रिणींनो, नाशिकहून दिंडोरीला जाणारा रस्ता कोणत्या गावावरून जातो? म्हसरूळवरून. म्हणजे आपल्या गजपंथा सिद्धक्षेत्राच्या पायथ्यावरून, सात बलभद्र जिथून मोक्षाला गेले असं आपण मानतो तिथून. आणखी उत्तरेला बागलाणात मांगीतुंगी आहे. आपण बस करून तिथे जातो तेव्हा कुणी म्हणत नाही की वाटेत वाइनरीची पाटी लागते. मग तोच रस्ता सायकलनं गेल्यावर कसा बाटतो?

नाशिकला सायकलचं वेड आहे ते काही वाइनमुळे नाही. तिथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीनं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, म्हणजे सायकलवरून अख्खी अमेरिका आडवी पार केली. मुलींचं म्हणाल तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून केली. तेव्हा ती जेमतेम विशीची होती.

ज्या सायकलीवरून ही लेक जाणार तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर रुंद आणि खाचांचे. हवा थोडी कमी ठेवायची म्हणजे खडीवर चाक उडत नाही. चढासाठी हलके गिअर असतात. डांबरी रस्ता संपून मातीचा लागला तरी उतरावं लागत नाही. इटलीत कियांती नावाचा असाच डोंगराळ द्राक्षांचा मुलूख आहे. तिथे १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सायकलयात्रा भरते. तिथल्या पांढऱ्या खडीच्या जुन्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत, हाही तिचा एक हेतू. मला ही गोष्ट आवडते, पण जशीच्या तशी इथे आणावी असं मात्र वाटत नाही. आपल्या मजेसाठी कोकणातल्या वाडीचा रस्ता कच्चा राहू द्या, असं म्हणणं बरोबर नाही. बाळंतीण अडली तर गाडी तिच्या दारापर्यंत जायलाच हवी. सायकलला बागांमधल्या वाटा पुरेशा आहेत.

आणि अशा वाटा आपल्याकडे काय कमी आहेत? भाट्ये पुलावरून काजळी नदीची खाडी ओलांडा आणि पावसच्या दिशेनं निघा. घाटी चढली की सडा लागतो. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की जांभ्याची तांबडी वाट, दोन्ही बाजूंना गडगे, पलीकडे हापूसच्या बागा. पुढे गणेशगुळे, पूर्णगड. उत्तरेला आरे-वारेचा रस्ता तर सगळ्यांनाच माहीत आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रीघ असते, म्हणून तिकडे मधल्या वारी जावं. चिरेखाणीच्या वाटा टाळाव्यात, डंपर फार. बाग कुणाची असेल तर विचारून आत शिरावं. आणि चवे-देऊड किंवा उक्षीकडे गेलात तर कातळशिल्पांवर चाक अजिबात नेऊ नका. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या रेषा जमिनीवरच कोरलेल्या आहेत, आणि त्यांपैकी उक्षीची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

आता आक्षेप. पहिला हिंसेचा. मातीच्या वाटेवर चाकाखाली जीव येतील, असं एका काकूंनी विचारलं आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. पावसाळ्यात कोकणातली वाट म्हणजे वाणी, गोगलगाई, बेडूक आणि चिमुकले खेकडे. त्या चार महिन्यांत सायकल भिंतीला टेकवून ठेवावी, असंच माझं मत. चातुर्मासात साधुसंत विहार थांबवतात त्यामागे हेच कारण आहे. पण गवत वाळल्यावर, उजेडात, सावकाश जाणाऱ्या सायकलीवरून वाट दिसते आणि मुंगळ्यांची रांग लागली तर थांबता येतं. मोटारीत बसल्यावर चाकाखाली काय आलं ते आपल्याला कळतही नाही. चार हात जमीन बघून चालायचं, ही मुनींची ईर्यासमिती. संसारी बाईला ती पूर्ण पाळणं शक्य नाही, पण तिच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारं वाहन मोटार नव्हे, सायकल आहे.

दुसरा आक्षेप, बायकांना हे शोभत नाही. आपल्या आर्यिका माताजी डोंगर, घाट, ऊन काही न बघता आयुष्यभर अनवाणी चालतात. त्यांच्यापुढे आपण डोकं टेकवतो. मग मोकळा रस्ता ही बाईची जागा नाही, असं आपल्याच तोंडानं कसं म्हणायचं? आपल्या घरांत बाईला एकटीचा असा तासच नसतो. देवळात गेलं तरी मनात डब्याची भाजी असते. चढ चढताना श्वास आणि पेडल एवढंच उरतं. ते काही सामायिक नव्हे, पण मन शांत व्हायला मदत नक्की होते.

तिसरा आक्षेप खाण्यापिण्याचा, आणि त्याला उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. बाजारातल्या बऱ्याच एनर्जी बारमध्ये मध असतो आणि काही गोळ्यांत जिलेटिन, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की, दशमी, खाकरा आणि मूठभर बेदाणे न्या. उकळून गाळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत, दुसऱ्या बाटलीत आमसुलाचं सरबत, मीठ-साखर घालून. उपवासाच्या दिवशी चढाच्या वाटेला जाऊ नका. सायकलची सीट चामड्याची नाही ना, हे घेतानाच विचारा. ओढणी चेनमध्ये अडकते, ती घट्ट बांधा किंवा घरी ठेवा. हेल्मेट मात्र हवंच. आणि महागडी ग्रॅव्हल बाइक लगेच घ्यायची गरज नाही. रुंद टायरची गिअरची साधी सायकल भाट्ये ते पावस आरामात जाते.

नाशिकला जाणाऱ्या मुलीच्या आयांनी आयोजकांना तीनच गोष्टी विचाराव्यात. मुक्काम कुठे, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, आणि वाइनरीची भेट सहलीत धरलेली असेल तर ती वगळून पुढे जाता येईल का. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर दार अडवू नका. नियम पाळायला शिकवलेली मुलगी द्राक्षमळ्यातून जाऊनही ते पाळते. ज्या मुलीला आपण कधी घराबाहेरच सोडलं नाही, तिचे नियम तिचे आहेत की आपले, हे आपल्यालाच कळत नाही.

चातुर्मास संपलाय, सड्यावरचं गवत पिवळं पडलंय. येत्या रविवारी दिवस उजाडल्यावर भाट्ये पुलाजवळ जमू. ज्यांना येत नाही त्यांना शिकवू, आणि दुपारच्या जेवणाला घरी परत.