काट्यावर माणूस असतो, तपासणीच्या टेबलावर का नसावा?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याला दुसरे काही सुचत नाही. नोंदी, पक्वता, तोडणीचा कार्यक्रम, कुणाचा प्लॉट पुढे आणि कुणाचा मागे, यातच दिवस मावळतो. मग ऊसवाल्याने दवाखान्याच्या विषयात कशाला तोंड घालावे, असे कुणी म्हणेल. आम्ही कृषी पदविकेचे माणूस, वैद्यकीचा आव आणत नाही. पण रांग का लागते आणि का हटत नाही, हे हंगामात रोज काट्यावर पाहतो. त्या अनुभवावरून दोन शब्द लिहीत आहोत.

गेल्या हंगामात आमच्या गटातले एक सभासद बांधावर म्हणाले, "साहेब, उसाचा नंबर लागला, पण मंडळीच्या रक्त तपासणीचा काही लागंना." पायाला जखम, बरी होईना, म्हणून डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली होती. पहिल्या दिवशी सरकारी दवाखान्यातले तंत्रज्ञ प्रशिक्षणाला गेलेले. दुसऱ्या दिवशी रांग एवढी, की अकरा वाजले. बाईंना घेरी आली, शेजारच्या बाईने चहा पाजला आणि उपाशीपोटीची तपासणी तिथेच मोडली. तिसऱ्या खेपेला रक्त घेतले, पण रिपोर्ट आला आठव्या दिवशी. साखर भरपूर वाढलेली निघाली. तोवर जखम चिघळली होती. पाय वाचला, पण दीड महिना अंथरुणात गेला. यात कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी उद्धट बोलले नाही. नुसता उशीर झाला.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत झाले, ही मोठीच गोष्ट आहे. केंद्राच्या २०२२ सालच्या मानकांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ प्रकारच्या तपासण्यांची सोय असावी. यादी चांगली आहे. पण यादी रक्त काढीत नाही, माणूस काढतो.

सपाट मुलखात ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र असा हिशेब आहे, आणि केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ बहुधा एकच. हिवतापाच्या काचपट्ट्या, क्षयाची थुंकी, गरोदर बायांचे हिमोग्लोबिन, साखर, लघवी आणि वर सगळ्यांच्या नोंदी, हे सारे त्याच्याच गळ्यात. क्षयाची एक काचपट्टी निर्दोष म्हणायची तर सूक्ष्मदर्शकाखाली शंभर ठिकाणी नजर फिरवावी लागते. म्हणूनच एका माणसाने दिवसात पंचवीसच्या वर अशा पट्ट्या पाहू नयेत, असा दंडक आहे. डोळे शिणले की जंतू निसटतो, आणि निसटलेला जंतू घरातल्या पोराबाळांपर्यंत जातो. तेव्हा रांगेतून "आटपा की लवकर" म्हणून ओरडणे सोपे आहे, पण त्याने काम वाढते, माणसे वाढत नाहीत.

आता आपल्या काट्याचा विचार करा. काटा क्लार्क आजारी पडला म्हणून आपण काटा बंद ठेवतो का? तिन्ही पाळ्यांना माणूस असतो आणि सुट्टीच्या बदलीलाही माणूस असतो. कारण गव्हाण थांबली तर कारखाना थांबतो. मग तंत्रज्ञ रजेवर गेला की प्रयोगशाळेला कुलूप, हा न्याय कुठला?

दुसरी गोष्ट शिळेपणाची. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला नाही तर वजन घटते, उतारा पडतो, हे आम्ही सभासदांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. रक्ताचेही तसेच आहे. साध्या नळीतले रक्त उन्हाळी खोलीत तसेच पडून राहिले तर त्यातली साखर तासाला शेकडा पाच ते सात कमी होत जाते. म्हणून साखरेसाठी औषध घातलेली वेगळी नळी वापरतात. काही नमुने गाडीने शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जातात, त्यांची वेळ आणि थंडावा सांभाळायलाही माणूसच लागतो. माणूस कमी असला की नुसता उशीर होत नाही, रिपोर्टच चुकू शकतो.

आणि सर्वांत वाईट अवस्था आपल्या तोडणी मजुरांची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई तपासणीला गेली की जोडी मोडते आणि मुकादम खाडा धरतो. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात. पण दिवस मोडून, खाडा सोसून रांगेत उभी कोण राहणार? ती राहत नाही आणि तिचा रक्तक्षय कुणाच्या कागदावर येत नाही. आपली साखर तिच्या हातून जाते, हे आपण विसरू नये.

आमचे प्रांजळ मत असे. पहिले, तंत्रज्ञाची जागा रिकामी असेल तर ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. दुसरे, जवळजवळच्या दोन-तीन केंद्रांत मिळून एक जादा तंत्रज्ञ असावा, म्हणजे रजा-प्रशिक्षणाच्या दिवशी कुलूप लागणार नाही. आपल्या सभासदांचीच किती मुले-मुली डीएमएलटी होऊन शहरात खासगी लॅबमध्ये राबतात. नियमित पगाराची जागा निघाली तर ती गावाकडे का येणार नाहीत? तिसरे, उपाशीपोटीचे नमुने सकाळी आधी घ्यावेत आणि बाकीचे नंतर, एवढी क्रमपाळी लावायला पैसा लागत नाही. चौथे काम आपल्या कारखान्याचे. आरोग्य केंद्राशी बोलून हंगामात कोप्यांवर तपासणीचा दिवस ठरवावा, आमच्या स्लिप बॉयने तारीख आधी सांगावी आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये, अशी मुकादमांना ताकीद द्यावी. मा. संचालक मंडळाने याचा विचार करावा, ही विनंती.

सभासदांचेही काही देणे आहे. उपाशी या म्हटले की उपाशीच जा. थुंकी द्यायची तर खोल खोकून, सकाळची द्या, नुसती लाळ नको. रिपोर्ट न्यायला विसरू नका. आणि त्या एकट्या तंत्रज्ञावर आवाज चढवू नका. चढवायचाच असेल तर ग्रामसभेत चढवा, तिथे त्याचा उपयोग आहे.

माती परीक्षणाचा अहवाल लागणीनंतर आला तर आपण त्याचे काय करतो? रद्दीत घालतो. माणसाच्या रक्ताचा अहवाल तसा रद्दीत जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

— ऊस विकास अधिकारी