जुनी स्पोर्ट्स कार : किंमत, कागद आणि कोकणचा पाऊस

दहा-बारा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा ऑडी टीटी आज साधारणपणे नव्या, भरगच्च सोयींच्या एसयूव्हीच्या किमतीत मिळू शकते. त्यामुळे व्यापारी कुटुंबांतून हल्ली एक नवा प्रश्न चर्चेला येऊ लागला आहे. दुकानात नुकताच बसू लागलेला मुलगा भ्रमणध्वनीवरील छायाचित्र पुढे करून म्हणतो, "पप्पा, क्रेटाच्या भावात मिळतेय." वडिलांना गाडीतले फारसे कळत नसले तरी भावातले कळते. ऐंशी लाखांची वस्तू पंचवीस लाखांत मिळत असेल तर उरलेले पंचावन्न लाख कोठे गेले, ही शंका त्यांना येते, आणि ती रास्त असते.

ते पंचावन्न लाख पहिल्या एक-दोन मालकांनी घसाऱ्याच्या रूपाने भरलेले असतात. घसारा गाडीच्या बाजारभावावर बसतो. तिच्या सुट्या भागांच्या भावावर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही. पंचवीस लाखांत घेतलेल्या गाडीची ब्रेकची डिस्क, तिचा गिअरबॉक्स, दिव्यांचा संच हे सारे ऐंशी लाखांच्या गाडीच्याच दराने विकत घ्यावे लागते. खरेदीदार बहुधा येथेच फसतो. त्याची ऐपत गाडीच्या आजच्या किमतीएवढी असते आणि गाडीचा खर्च तिच्या मूळ किमतीच्या प्रमाणात येतो.

नागोठण्यासारख्या गावात या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत. हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, त्यामुळे पर्यटकांच्या अशा गाड्या येथील तरुणांच्या डोळ्यांसमोरून रोज जातात. मात्र याच महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटले तरी पुरे झाले नाही. स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीपासून साधारण साडेचार-पाच इंचांवर असतो. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषानुसार गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चार इंच असावी. गावोगावचे गतिरोधक हा निकष वाचून बांधलेले नसतात. आंबा नदीवरील सुमारे १५८२ सालचा दगडी पूल अशा गाडीला तुलनेने सोपा म्हणायचा. त्याच्या कठड्यांमधील अंतर जेमतेम दहा फूट असले तरी त्यावर गतिरोधक नाही.

परदेशी गाड्यांच्या झगमगाटात एक गोष्ट विस्मरणात जाते. ज्या गोव्याकडे हा महामार्ग जातो, तेथेच १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार केली होती. तिचे इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसीचे, साठच्या आसपास अश्वशक्तीचे होते. आजच्या साध्या कुटुंबवत्सल हॅचबॅकची ताकदही याहून जास्त असते. पण गाडी हलकी आणि अंग फायबर ग्लासचे असल्यामुळे ती चपळ वाटे. कोकणच्या दमट हवेत फायबर ग्लासला गंज लागत नाही हा तिचा मोठा गुण. तथापि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या अशा गाडीखालची लोखंडी चौकट गंजलेली असू शकते. ती गाडी वर उचलून, खालून पाहिल्याशिवाय कळत नाही. अशी गाडी आज कोठे विक्रीस आली तर तिचे बॉडीचे भाग दुकानात मिळतील ही आशा धरता येत नाही. तुटलेला भाग हाताने साचा करून घडवणारा कुशल कारागीर आधी शोधावा आणि मगच बयाणा द्यावा.

येथे विम्यातील एक कलमही ध्यानात घेण्यासारखे आहे. अपघाताची भरपाई देताना विमा कंपनी रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर आणि टायर-बॅटरीवर ५० टक्के, तर फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापते. जिचे सारे अंगच फायबर ग्लासचे आहे, तिच्या मालकाला याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय गाडीचे विमामूल्य पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे उतरते. त्यानंतर ते विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुर्मीळ गाडीच्या बाबतीत प्रतिनिधीने लिहून आणलेला आकडा पाहताच सही करू नये. त्यावर चर्चा करावी.

महाराष्ट्राशी निगडित दुसरे उदाहरण 'डीसी अवंती'चे. २०१२ च्या दिल्लीतील वाहनप्रदर्शनात ती प्रथम दिसली. पुढे पुणे परिसरात तिचे उत्पादन झाले. रेनॉचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मागच्या बाजूला, सुमारे २५० अश्वशक्ती आणि किंमत पस्तीस लाखांच्या घरात, यामुळे भारतीय बनावटीची स्पोर्ट्स कार म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने तिच्या नामवंत रचनाकारास अटक केली. एकाच इंजिन व चासी क्रमांकाची नोंद एकाहून अधिक राज्यांत झाली आणि एकाच गाडीवर वित्तसंस्थांकडून एकापेक्षा जास्त कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोपाचा निवाडा हे न्यायालयाचे काम. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी मात्र बोध स्पष्ट आहे. लाल रंगाची झळाळती गाडी अंगणात उभी आहे एवढ्याने ती विकणाऱ्याचीच आहे असे सिद्ध होत नाही.

बँकेत तारण तपासण्याची जी रीत असते तीच येथे लावावी. आरसीवरील चासी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील कोरलेल्या क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. दलालाने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय ते पाहावे. कर्ज फिटले तरी नोंद आपोआप पुसली जाईल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्यावरच बोजा उतरतो. "हप्ते संपलेत, कागद नंतर देतो" असे विक्रेता म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत. गाडी परराज्यातील असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्रात नोंदणी करताना येथील कर भरावा लागतो. परराज्यातील पाटीची महागडी गाडी स्वस्त दिसते ती बरेचदा याच कारणाने, कारण तो कर तिच्या किमतीत अजून मिळवलेला नसतो.

याहून मोठा धोका गाडी विकणाऱ्याला असतो, आणि आपल्या समाजात त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दुकानाच्या किंवा भागीदारी पेढीच्या नावावरील गाडी ओळखीच्या दलालाला द्यायची, नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून द्यायच्या, पैसे मोजून घ्यायचे आणि विषय विसरून जायचा, ही पद्धत बाजारपेठेत वर्षानुवर्षे चालत आली आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निर्णय दिला. मूळ मालकाने गाडी २००७ साली विकली होती. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली. परिवहन कार्यालयात नाव मात्र कोणीच बदलले नाही. २००९ साली तिच्याखाली सापडून एका बालकाचा मृत्यू झाला. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, सबब भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले. ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी दृष्टीआड केली होती, त्याच्या दारात तो दावा आला.

आता गाडी साध्या हॅचबॅकऐवजी अडीचशे अश्वशक्तीची आहे आणि ती कोणा अनोळखी तरुणाच्या हाती आहे, अशी कल्पना करावी. नोंदणीतील मालक पेढी असेल तर भागीदारीत सगळ्यांची जबाबदारी अमर्याद असते. एका भावाने हौसेने घेतलेली आणि अर्धवट कागदांवर विकलेली गाडी साऱ्या भावांच्या मिळकतीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून रायगडच्या एमएच ०६ नोंदणीची गाडी असेल तर विक्री झाल्यावर पेणच्या परिवहन कार्यालयात विक्रीची सूचना कायद्यातील १४ दिवसांच्या मुदतीत जाते की नाही, आणि नंतर नाव प्रत्यक्ष बदलले की नाही, हे विकणाऱ्याने स्वतः पाहावे. दलालामार्फतच विकायची असेल तर तो परिवहन खात्याकडे नोंदलेला अधिकृत विक्रेता आहे काय ते विचारावे. एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी गेल्याची नोंद करण्याची सोय झाली आहे. खरेदीदारानेही हे जाणावे की विम्यातील त्रयस्थ पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर त्याच्याकडे येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र विमापत्र त्याच्या नावे झाल्याखेरीज येत नाही.

"गाडी पेढीच्या नावाने घेऊ, घसारा मिळेल," हा सल्लाही घरोघरी दिला जातो. प्रवासी मोटारीवर सहसा जीएसटीची वजावट मिळत नाही हे बहुतेकांना ठाऊक आहे. पुढची पायरी तेवढी ठाऊक नसते. घसारा घेतलेली जुनी गाडी नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकली, की विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाऊन उरलेले मूल्य यांतील फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा, २५ लाखांची गाडी वहीत दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरत गेली. चार वर्षांनी तिचे मूल्य सुमारे १३ लाख ५ हजार राहील. साधी मोटार बाजारातही तितकीच उतरलेली असते, त्यामुळे फरक नाममात्र राहतो. चांगली राखलेली स्पोर्ट्स कार मात्र २० लाखांना जाऊ शकते. मग सुमारे ६ लाख ९५ हजारांच्या फरकावर सव्वा लाखाचा कर द्यावा लागेल. शिवाय किराणा किंवा कापडाच्या व्यवसायात दोन आसनांच्या मोटारीची गरज काय, हे आयकर अधिकाऱ्याला पटवून देणे सोपे नाही. हौसेची वस्तू व्यक्तीच्या नावावर, तिच्याच बचतीतून घ्यावी. हिशेब स्वच्छ राहतो आणि भावाभावांत कुरबूरही होत नाही. व्यवहार बँकेतूनच करावा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. "फक्त अठरा हजार किलोमीटर चाललेली" हे वाक्य ऐकून हरखून जाऊ नये. उभ्या गाडीचेही वय वाढते. टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवणारे चार आकडे असतात. नक्षी कोरी करकरीत असली तरी सात-आठ वर्षांचे रबर ताठर झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर वेगात दगा देते. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, टायमिंग बेल्ट किलोमीटरइतकाच वर्षांनीही जुना होतो. झेड-४ सारख्या काही गाड्यांत स्टेपनी नसते. पंक्चर झाल्यावरही साधारण ८० किलोमीटर चालेल असा विशेष टायर असतो. तो वाकण फाट्यावरच्या दुकानात मिळणार नाही, मुंबई किंवा पुण्याहूनच मागवावा लागेल. सायलेन्सर बदलून आवाज वाढवलेली गाडी मुळीच घेऊ नये. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि तशी गाडी बहुधा तितक्याच बेफिकिरीने हाकलेलीही असते. आसने चामड्याची आहेत काय, हा आपल्या घरांतून हमखास विचारला जाणारा प्रश्नही पाहणीच्या वेळीच विचारावा. मागाहून कापडी आसने करून घेण्याचा खर्च लहान नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्याची पारख तर आंबेकाठच्या माणसाला उपजतच हवी. जुलै १९८९ च्या पुराची आठवण या खोऱ्यात अजून पुसलेली नाही. सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला गाळाचा डाग दिसतो. आसनाखालच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली बारीक माती, नव्या सुगंधाआडून येणारा कुबट वास, यांपैकी एकही खूण आढळली तर गाडी स्वस्त असो वा महाग, सोडून द्यावी. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरून ते निकामी होते. या नुकसानीची भरपाई साध्या विमापत्रातून बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जादा तरतूद घ्यावी लागते.

दुमडणाऱ्या छताच्या गाडीत पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात. पहिल्या पावसाआधी ती पानाकचऱ्यातून मोकळी करावीत, नाहीतर पाणी डिकीतल्या विजेच्या तारांत उतरते. जून ते सप्टेंबर गाडी उभीच ठेवायची असेल तर टाकी भरलेली असावी, टायरमधील हवा थोडी जास्त असावी आणि बॅटरीची जोडणी सोडावी. गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये, त्याखाली ओल साठते, सुती चालते. आणि ती बाजारपेठेतील सखल गाळ्यात ठेवण्यापेक्षा नदीपासून दूर, उंचावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या अंगणात ठेवणे बरे. किल्ली मात्र घरीच ठेवावी.