पाणी जमिनीचे की माणसांचे?

निसर्गाची झीज भरून काढणाऱ्या अर्थकारणाची भाषा आज उद्योगपतींच्या परिषदांतून सर्रास ऐकू येते. पण भरून आलेल्या संपत्तीवर मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तो विचारला, आणि त्यातच त्यांच्या कार्याचे मोल आहे.

अचूक मोजमापाची उपकरणे बनविणारा हा कारखानदार १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेला. शेतकरी खडी फोडून पोट भरीत होते. पण त्या खडीने पुढचा दुष्काळ टळणार नव्हता. साळुंखे यांनी नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली आणि ओघळून जाणारे पाणी अडविले. उजाड माळावर पीक उभे राहिले.

एवढ्यावर ते थांबते, तर एक यशस्वी शेतकरी म्हणून त्यांचा सत्कार झाला असता. पण त्यांनी ‘पाणी पंचायत’ उभारली आणि वाटपाचे नियम घालून दिले. पाणी माणशी मोजावयाचे : दरडोई अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा मिळेल. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी उचलावयाचा. आणि ऊस लावावयाचा नाही.

या नियमांनी जमीनदारीच्या मुळावरच घाव घातला. म्हणूनच प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले. राज्याचे धोरण मात्र तो झाला नाही. कालव्यावरील पाणीवापर संस्था आजही जमीनधारकांच्याच आहेत. साळुंखे २००२ साली निवर्तले. पंचायतीच्या काही योजना पुढे बंद पडल्या, हेही मान्य केले पाहिजे. एका ध्येयवादी माणसाच्या आणि विश्वस्त संस्थेच्या बळावर समता फार काळ तग धरीत नाही. तिला कायद्याचा आणि संघटनेचा आधार लागतो.

तो आधार देणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. बांध घालताना भूमिहीनाचे हात हवेत आणि विहिरीला पाणी लागले की तो परका, हा न्याय चालू देता कामा नये. सार्वजनिक पैशाने पाणी अडविणाऱ्या प्रत्येक गावात, फावडे उचलण्यापूर्वीच, ग्रामसभेत वाटणीचा ठराव झाला पाहिजे. तळे भरल्यावर वाटणीची चर्चा करण्यात अर्थ नसतो. तोवर मोटारी बसलेल्या असतात.