पायडलवरची सकाळ

पावणेनऊला कोथरूडहून निघतो. पँटची उजवी मोहरी मोज्यात खोचायची, डबा कॅरिअरला अडकवायचा आणि कर्वे रस्त्याला लागायचं. नळ स्टॉपच्या सिग्नलला पाय टेकला, की शेजारच्या टेम्पोचा धूर थेट तोंडावर. तरीही सांगतो, दिवसातली ही पंचवीस मिनिटं मला सगळ्यात प्रिय आहेत.

एकेकाळी खडकीचा दारूगोळा कारखाना सुटला, की रस्ताभर सायकलीच दिसत, असं जुने पुणेकर सांगतात. सायकलींचं शहर ही ओळख या कामगारांनी पायडल मारून कमावलेली. त्याच शहरात आज सायकलवाला उपरा ठरावा, याचा मला संताप येतो. माझ्या वाटेवर सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यात रोज एक मोटार उभी असते. तिला वळसा घालताना मागून बसचा हॉर्न वाजतो आणि हँडलवरची बोटं आपोआप आवळली जातात.

मी हौसेने सायकल चालवतो. बांधकामावरचे मजूर, पहारेकरी, पेपर टाकणारी मुलं यांच्याकडे दुसरी गाडीच नाही. हा अंक त्यांच्यासाठी काढला आहे. पहिला लेख आहे रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या पहारेकऱ्यांचा.