रिकॉलची फुकट दुरुस्ती: गैरसमज आणि हक्क

मोटारीच्या रचनेत किंवा जोडणीत राहिलेला, जिवाला धोका पोहोचवू शकेल असा दोष लक्षात आल्यावर कंपनीने त्या गाड्या अधिकृत वर्कशॉपमध्ये बोलावून तो भाग विनामूल्य तपासून किंवा बदलून देणे, याला रिकॉल म्हणतात. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्यांचा असा रिकॉल जाहीर केला. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या स्टीअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता होती. स्टीअरिंग फिरवले की पुढचे चाक वळते ते या रॉडमुळे. तो तुटला तर स्टीअरिंग हातात राहते, पण चाक त्याचे ऐकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात अशा बातमीचे महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे. ईको येथे शाळेची मुले नेते, पिकअप काजू, रताळी आणि जनावरांचा चारा वाहते, आणि एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी वडापच्या गाड्या भरून काढतात. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर आणि आंबोली-तिलारीच्या घाटांत, जूनपासून चार महिने कोसळणाऱ्या पावसात, ब्रेक आणि स्टीअरिंगवर जो भरवसा ठेवावा लागतो तो सपाट रस्त्यावर ठेवावा लागत नाही. तरीही रिकॉलबद्दल तालुक्यात काय, राज्यात काय, ज्या समजुती रूढ आहेत त्या गाडीमालकाला वर्कशॉपपासून दूरच ठेवतात. त्यांतल्या काहींत तथ्याचा अंश आहे, काही साफ खोट्या आहेत.

पहिली समजूत अशी की गाडी नीट चालत असेल तर रिकॉलकडे लक्ष देण्याचे कारण नाही. या युक्तिवादात मूळचीच चूक आहे. जो दोष चालवताना जाणवतो तो मालक स्वतःच गॅरेजला दाखवतो. रिकॉलची गरज पडते ती न जाणवणाऱ्या दोषासाठी. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. पिशवी फुगवणारा वायू तयार करण्यासाठी त्या कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरले. वर्षानुवर्षे उष्ण आणि दमट हवेत राहिल्यावर ते बिघडते, पेटताना प्रमाणाबाहेर दाब निर्माण करते आणि धातूची डबी (इन्फ्लेटर) फुटून तिचे तुकडे चालकाच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर येतात. धडक होईपर्यंत या दोषाची कोणतीही खूण दिसत नाही, दिवा लागत नाही, आवाज येत नाही. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉलमध्ये आले, आणि जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाने २०१६ मध्ये याच कारणासाठी १,९०,५७८ गाड्या बोलावल्या. दमट उष्णतेत हा धोका वाढतो, त्यामुळे कोकण-गोव्यात वापरलेल्या आणि मग घाट चढून वर विकल्या गेलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत 'चालते की व्यवस्थित' हे उत्तर धोकादायक ठरते.

दुसरी समजूत कंपनीच्या लौकिकाविषयी आहे: ज्या कंपनीच्या गाड्या परत बोलावल्या जातात ती कंपनी वाईट, जिच्या बोलावल्या जात नाहीत ती चांगली. वस्तुतः हजारो सुट्या भागांची, शेकडो पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची जोडणी करणाऱ्या उद्योगात दोष अजिबात राहणार नाही असे कोणीही सांगू शकत नाही. प्रश्न एवढाच उरतो की दोष सापडल्यावर तो सांगितला जातो की दडवला जातो. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या दिवसांत बनलेल्या, सहाशेहून कमी गाड्यांची डिझेल इंजिने तपासणीसाठी बोलावली, कारण कारखान्यात आलेले इंधन दूषित निघाले होते. बारा दिवसांची आणि सहाशेच्या आतली ही मोजणी सांगते की कोणत्या दिवशी कोणती गाडी बनली याची नोंद कंपनीकडे होती आणि तिने ती वापरली. त्याच वर्षी त्याच कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळातल्या २९,८७८ पिकअप गाड्यांचा द्रववाहक पाइप सदोष जोडणीच्या शंकेवरून बदलून दिला.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्राच्या रस्त्यांवरचेच आहे. वडापची गाडी म्हणून एके काळी घाटमाथ्यावर सर्वत्र दिसणारी शेव्हर्ले तवेरा २०१३ मध्ये परत बोलावली गेली. २००५ ते २०१३ मधल्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या होत्या त्या. कारण सुरक्षेचे नव्हते, धुराचे होते; पण तपासणीच्या वेळी कमी धूर सोडणारी निवडक इंजिने गाडीत बसवून चाचणी पार पाडली जात होती, हे उघड झाले. जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांना काढून टाकले, सरकारने समिती नेमली. कंपनीची बदनामी झाली ती रिकॉलमुळे नव्हे, त्याआधीच्या लपवाछपवीमुळे. दोष सांगणाऱ्या कंपनीला हिणवत राहणारा ग्राहक पुढच्या वेळी तिला गप्प बसण्याचेच कारण पुरवतो. कायद्याने हा धोका ओळखला आहे. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने घातलेले कलम ११०अ सांगते की कंपनीने स्वतः दोष कळवून रिकॉल सुरू केला तर तिला त्या कलमाखालचा दंड होत नाही. सरकारला आदेश काढावा लागला तर मात्र १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा. 'फुकट म्हणून बोलावतात आणि बिल हातात देतात' ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. गाडी वर्कशॉपच्या दारात आली की ऑइल बदलायला झाले आहे, ब्रेक पॅड झिजले आहेत, टायरची अलाइनमेंट गेली आहे असे सांगून इतर कामे सुचवली जातात, आणि मालकाला दोन्ही कामे एकच वाटतात. पण या अनुभवावरून रिकॉलच फसवा ठरत नाही. सरकारी आदेशाने रिकॉल झाला तर कंपनीपुढे कायद्याने ठेवलेले पर्याय आहेत: गाडीची पूर्ण किंमत परत करणे, तशीच किंवा अधिक चांगली गाडी देणे, किंवा दुरुस्त करून देणे. यांतला कोणताही पर्याय मालकाच्या खिशातून भागत नाही. कंपनी आपणहून जाहीर करते त्या रिकॉलमध्येही भाग आणि मजुरी दोन्ही विनामूल्य असल्याचे तीच जाहीर करते. म्हणून जॉबकार्डवर रिकॉलचे काम वेगळे लिहून घ्यावे, त्यापुढची रक्कम शून्य आहे हे पाहावे, आणि इतर कामांना संमती द्यायची की नाही हे स्वतंत्रपणे ठरवावे. ती कामे नाकारली म्हणून रिकॉलचे काम थांबवण्याचा अधिकार वर्कशॉपला नाही. काम झाल्यावर कोणता भाग बदलला याची लेखी नोंद घेणे तितकेच आवश्यक आहे, कारण पुढे गाडी विकताना तीच कामी येते.

यानंतरच्या समजुती अपात्रतेच्या आहेत आणि त्या झटपट निकाली निघतात. वॉरंटी संपली असली तरी रिकॉलचे काम होते. वॉरंटी हा विक्रीचा करार आहे, रिकॉल हा मूळ दोषाचा इलाज आहे. गाडी बाहेरच्या मिस्त्रीकडे दुरुस्त करून घेतली होती, एवढ्या कारणाने कारखान्यात राहिलेला दोष मालकाचा होत नाही. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असली तरी फरक पडत नाही, कारण रिकॉल चासी नंबरला लागतो, माणसाला नाही. आणि जिथून गाडी घेतली त्याच डीलरकडे गेले पाहिजे, हेही खरे नाही. एमएच-०९ पाटीची गाडी बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आणि केए-२२ पाटीची कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये तितक्याच हक्काने जाते. चंदगडला बेळगाव कोल्हापूरपेक्षा पुष्कळ जवळ असल्याने ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सर्वांत खोलवर रुजलेली समजूत मात्र 'रिकॉल असता तर पत्र आले असते, फोन आला असता' ही आहे. येथे दोष मालकाच्या आळसाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. कंपनीकडे पत्ता असतो तो पहिल्या खरेदीदाराचा. पणजीत किंवा पुण्यात घेतलेली गाडी पाच वर्षांनी चंदगडला येते, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, पण नाव चढवण्याचे काम कित्येकदा महिनोन्महिने रेंगाळते. कायद्याने खरेदीदाराला तीस दिवसांची मुदत आहे. नाव चढेपर्यंत कंपनीचा संदेश जातो तो गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाच्या मोबाइलवर, आणि तो माणूस तो पुसून टाकतो. काही कंपन्या किरकोळ बदल सर्व्हिसच्या वेळी न सांगता करून देतात. त्या पद्धतीचा लाभ मोफत सर्व्हिस संपल्यावर गावच्या मिस्त्रीकडे वळलेल्या गाडीला होतच नाही. म्हणजे ज्या गाडीला दोष दूर करण्याची निकड सर्वाधिक, तीच निरोपाच्या टप्प्याबाहेर राहते.

वयाची अट हा भेद आणखी वाढवते. २०२१ च्या नियमांनुसार सक्तीच्या रिकॉलसाठी ज्यांच्या तक्रारी मोजल्या जातात त्या गाड्या सात वर्षांहून कमी वयाच्या असाव्या लागतात. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मर्यादा पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षे आहे. शहरातली गाडी सहा-सात वर्षांची झाली की तालुक्याच्या बाजारात येते. कायद्याचा हात सुटतो नेमका तेव्हा ती अवघड रस्त्यांवर, जास्त माणसे घेऊन धावू लागते. ही मर्यादा वाढवली पाहिजे. तवेराच्या रिकॉलमध्ये आठ वर्षे जुन्या गाड्याही होत्या, तेव्हा जुन्या गाड्यांचा माग काढता येत नाही ही सबब चालणार नाही.

निरोप पोहोचवण्याचे साधनही सरकारपाशी तयार आहे. केंद्राच्या वाहन प्रणालीत गाडीचा चासी नंबर, नोंदलेल्या मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक असतो. जर्मनीत वाहन नोंदणीचे मध्यवर्ती खाते कंपनीला सध्याच्या मालकांपर्यंत पोहोचू देते, आणि गंभीर रिकॉल टाळत राहिलेली गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई होऊ शकते. इतकी कठोर तरतूद येथे लगेच आणावी असे नाही. पण विम्याचे नूतनीकरण, पीयूसी, व्यावसायिक गाडीचे पासिंग आणि मालकी हस्तांतरण या प्रत्येक वेळी चासी नंबर कुठे ना कुठे टाइप होतोच. त्याच क्षणी 'या गाडीचा रिकॉल बाकी आहे' एवढी ओळ समोर आली, तर कागदपत्रांसाठी आरटीओच्या कॅम्पला आलेला चालक ती माहिती घेऊनच घरी जाईल.

शेवटचा आक्षेप वेळेचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. बेळगावला गाडी नेणे म्हणजे दिवस मोडणे, आणि भाग उपलब्ध नसेल तर दुसरा दिवसही मोडणे. कलम ११०अ मध्ये दुरुस्तीचा खर्च आहे, बुडालेल्या भाड्याचा विचार नाही. वडापवाल्याला दिवसाची कमाई सोडून ये म्हणणे सोपे, पण त्याच्या कर्जाचा हप्ता त्या दिवशीही चालूच असतो. याचे उत्तर रिकॉल टाळणे हे नव्हे. वेळ ठरवून जाणे, भाग आला आहे याची फोनवर खात्री करून मगच गाडी काढणे, हे मालकाच्या हातचे उपाय आहेत. कंपनीच्या हातचा उपाय त्याहून मोठा आहे. ग्रामीण भागात फिरत्या सर्व्हिस व्हॅन अनेक कंपन्या चालवतात. हलकर्णी, पाटणे फाटा किंवा चंदगड येथे एखादा दिवस अशी व्हॅन उभी राहिली, तर टाय रॉडसारखी तपासणी तालुक्यातच आटोपेल. गाडी विकायला जी कंपनी आठवडी बाजारात मंडप घालते, तिने तिचा दोष काढायलाही त्याच बाजारात यावे ही मागणी रास्त आहे.

तोवर पडताळणीचा मार्ग सोपा आहे. आरसी बुकावर आणि विमा पॉलिसीवर १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, म्हणून गोल दिसणारे चिन्ह शून्यच समजावे. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉलच्या पानावर टाकला, किंवा कोणत्याही अधिकृत वर्कशॉपला फोनवर सांगितला, की काम बाकी आहे की नाही ते कळते. बातमीतल्या तारखांवरून स्वतः निष्कर्ष काढू नये. त्या तारखा उत्पादनाच्या असतात, आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेपेक्षा त्या कधी कधी महिनोन्महिने आधीच्या असतात. जुनी गाडी घेताना ही चौकशी सौद्याच्या आधी करावी. आणि गाडीत वारंवार तोच धोकादायक बिघाड येत असेल, पण रिकॉल जाहीर झालेला नसेल, तर परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तशी तक्रार नोंदवता येते. एकाच मॉडेलच्या अशा तक्रारी ठरावीक संख्येला पोहोचल्या, तर चौकशी होऊन सक्तीचा रिकॉल निघू शकतो. म्हणजे तालुक्यातल्या एका तक्रारीलाही वजन आहे.

वर्कशॉपने रिकॉलच्या कामाचे पैसे घेतले किंवा काम नाकारले, तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. त्यामुळे गाडी बेळगावात किंवा गोव्यात घेतलेली असली तरी चंदगडच्या रहिवाशाची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात चालते. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि ती ऑनलाइन दाखल करता येते. सदोष मालामुळे इजा किंवा नुकसान झाले असेल, तर याच कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणाखाली उत्पादकाकडून भरपाई मागण्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी जॉबकार्ड, बिले आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो.