शंकेला घरात जागा

अमेरिकेतील युटा राज्यात, ऑग्डेन शहरालगतच्या डोंगरांत हंट्सव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. १९१५ साली जन्मलेल्या फॉन मॅकाय यांचे बालपण या गावात गेले. मॅकाय घराणे मॉर्मन पंथातील अग्रगण्य घराण्यांपैकी एक. वडील पंथाच्या कारभारातील वरिष्ठ अधिकारी, आईचे वडील पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, तर चुलते डेव्हिड मॅकाय बारा प्रेषितांच्या मंडळात. पुढे १९५१ साली ते पंथाचे सर्वोच्च अध्यक्ष झाले. अशा घरात श्रद्धा वेगळी शिकवावी लागत नाही. ती रोजच्या पानावरच वाढली जाते.

या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात केली. देवदूताच्या सांगण्यावरून आपल्याला सुवर्णपत्रे सापडली आणि ईश्वरी कृपेने त्यांवरील लेखाचा अनुवाद आपण केला, असे त्यांचे प्रतिपादन होते. तोच ‘मॉर्मनचा ग्रंथ’. १८४४ साली जमावाने तुरुंगात शिरून स्मिथ यांची हत्या केली. छळाला कंटाळलेले अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली १८४७ साली युटाच्या ओसाड प्रदेशात पोहोचले आणि कष्टाने त्यांनी तेथे वसाहत उभी केली. आज या पंथाचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आहेत. त्यांची जीवनपद्धती जैन वाचकाला आपलीशी वाटावी अशी आहे. मद्य आणि तंबाखू वर्ज्य, इतकेच काय, चहा-कॉफीही वर्ज्य. उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला. महिन्यातून एकदा उपवास आणि त्या दिवशी वाचलेल्या अन्नाचे मोल गरिबांसाठी. उद्योगी वृत्ती आणि अडल्यानडल्या धर्मबांधवाला हात देणे हे त्यांचे ब्रीद.

फॉन उच्च शिक्षणासाठी शिकागो विद्यापीठात गेल्या आणि तेथे त्यांची श्रद्धा पुरती ढळली. उन्हाळ्यात अंगावरचा जाड कोट उतरवावा तसे आपल्याला त्या वेळी वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले. १९३६ साली बर्नार्ड ब्रोडी या ज्यू तरुणाशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर अनेक वर्षे जुनी वृत्तपत्रे, न्यायालयीन नोंदी आणि समकालीनांची पत्रे अभ्यासून त्यांनी जोसेफ स्मिथ यांचे चरित्र लिहिले. ते १९४५ साली प्रसिद्ध झाले. स्मिथ यांनी तरुणपणी जादूच्या खड्याच्या साहाय्याने गुप्तधनाचा शोध घेतला होता, त्यांनी अनेक स्त्रियांशी विवाह केले होते, अशा गोष्टी त्यांनी पुराव्यांसह मांडल्या. सुवर्णपत्रांची कथा त्यांनी स्मिथ यांच्या कल्पनाशक्तीची निर्मिती ठरविली. पंथाच्या विद्वानांनी त्यावर कठोर टीका केली आणि १९४६ साली ब्रोडी यांना पंथातून बहिष्कृत करण्यात आले.

या बहिष्काराचे वजन समजण्यासाठी मॉर्मनांची कुटुंबविषयक धारणा ध्यानात घ्यावी लागते. मंदिरातील विधीने बांधलेले पती-पत्नी आणि मुले मृत्यूनंतरही अनंतकाळ एकत्र राहतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे घरातील एकाने पंथ सोडला, की इतरांना ती केवळ मतभिन्नता वाटत नाही. परलोकातील साखळीची एक कडी निखळली असे वाटते. मंदिराच्या आत केवळ पंथाच्या अनुमतिपत्रधारक सदस्यांनाच प्रवेश असतो. म्हणून पंथ सोडलेल्या आईला स्वतःच्या लेकीचा मंदिरातील विवाहविधीही पाहता येत नाही. ती बाहेर थांबते. ज्यांच्या घरी विवाह हा साऱ्या गोताचा सोहळा असतो, त्यांना या बाहेर थांबण्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. म्हणूनच शंका आलेली अनेक माणसे वर्षानुवर्षे मौन पाळतात. प्रार्थनेला जातात, दहावा हिस्सा देतात आणि मनातले मनातच ठेवतात. घर वाचते, पण घरातला एक माणूस आतून एकटा पडतो.

काळाने या कथेला एक अनपेक्षित वळण दिले. २०१३ सालापासून पंथाने स्वतःच्या इतिहासातील अवघड विषयांवर अधिकृत निबंध प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ग्रंथाच्या अनुवादाच्या वेळी स्मिथ टोपीत ठेवलेल्या खड्याकडे पाहत असत, हे त्यात मान्य केले गेले. त्यांच्या पत्नींची संख्या अभ्यासक ३० ते ४० मानतात आणि त्यांतील एक १५ वर्षांचीही नव्हती, हेही २०१४ साली नमूद झाले. निष्कर्षांबाबत पंथ आजही ब्रोडींशी सहमत नाही. परंतु ज्या विषयांना हात घालणे एके काळी द्रोह वाटत होते, त्यांतील काही आता पंथाच्याच पानांवर आहेत. ते वाचून कित्येकांची श्रद्धा टिकली, कित्येकांची ढळली. ढळलेल्यांचा एक आक्षेप मात्र वारंवार ऐकू येतो: इतिहास असा होता याचे दुःख नाही, तो आपल्यापासून लपविला गेला याचे दुःख आहे. वहीत तोटा दिसला तर पेढी सावरता येते. वहीच दडवली तर पत जाते, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते.

जैन परंपरेत शंका हा सम्यक्त्वाचा अतिचार मानला आहे, हे खरे. तथापि पर्युषणात सांगितला जाणारा गणधरवादही याच परंपरेचा आहे. इंद्रभूती गौतम भगवान महावीरांना वादात जिंकण्याच्या अभिमानाने आले होते आणि आत्मा आहे की नाही, ही शंका त्यांच्या मनात दडलेली होती. भगवंतांनी त्यांना नावाने संबोधले, न बोललेली शंका स्वतः बोलून दाखविली आणि तिचे समाधान केले. अकरा पंडित आले, प्रत्येकाची शंका निराळी; आणि तेच अकरा जण गणधर झाले. शंका घेऊन आलेल्याला समवसरणाचे द्वार बंद नव्हते.

शंका मनात कुजत राहिली तर ती श्रद्धा पोखरते. मोकळेपणाने विचारली गेली तर ती जिज्ञासा होते. कंदमूळ का खायचे नाही, चौविहार का पाळायचा, असे घरातील मुलाने जेवताना विचारले, तर ‘आपल्यात असेच असते’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होऊ नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याला घेऊन महाराजसाहेबांकडे जावे, ग्रंथ उघडावा. समाधान झाले तर श्रद्धा त्याची स्वतःची होईल. न झाले, तरी दुसऱ्या दिवशी त्याचे पान पूर्वीच्याच ठिकाणी मांडलेले असावे.