उसन्या पानांचा डाव

गेल्या दिवाळीत भालकीच्या आमच्या घरी संगणकावर मेंढीकोट रंगला. तो खेळ मी घरीच तयार केला म्हणून पाहुण्यांनी पाठ थोपटली. वाचकहो, खरे सांगायचे तर त्यातले बरेचसे उसने आहे. उसने घेतलेले फेडता येत नसेल, तर निदान देणाऱ्याचे नाव घ्यावे, ही आमच्या घरची शिकवण. म्हणून ही यादी.

पहिले नाव आईचे. मेंढीकोटला चार भिडू लागतात, समोरासमोरच्यांची जोडी. प्रत्येकाला तेरा पाने. चारपैकी तीन दश्श्या ज्यांच्याकडे, त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारे जिंकले. चारही आल्या की कोट! १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बिदर म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले. आईचे माहेर पलीकडे, सासर अलीकडे. पण सुटीत दोन्हीकडची माणसे एकाच सतरंजीवर बसत. आता काका नाहीत, मामांना प्रवास झेपत नाही, वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली. पत्त्यांचा कॅट कपाटात पडून होता. आईला तीन भिडू हवे होते, ते मी संगणकात बसवले.

दुसरे नाव वेस चेरी यांचे. १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करताना त्यांनी सॉलिटेअर लिहिला. १९९० साली तो विंडोजबरोबर घरोघर पोहोचला, पण चेरी यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. त्यातली पाने सुझन केअर यांनी रेखाटली होती. पडद्यावरचे पान माउसने उचलून ठेवता येते, हे मी तिथेच पाहिले.

तिसरे ऋण पिसण्याचे. मी आधी प्रत्येक पानाची बावन्नपैकी कुठल्याही पानाशी अदलाबदल करत होतो. दिसायला ठीक, पण त्यात काही क्रम जास्त वेळा येतात. बरोबर रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ साली दिली, आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली ती संगणकाला सोयीची केली. शेवटच्या पानापासून सुरुवात करायची. ते पान आधीच्या कुठल्याही एका पानाशी बदलायचे, किंवा चिठ्ठी त्याचीच निघाली तर तिथेच ठेवायचे. मग त्याच्या अलीकडचे पान घ्यायचे.

चौथे ऋण सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे. त्यांच्या दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस गोल पाने असतात, हाताने रंगवलेली. माझ्या पानांच्या पाठीवरची वेलबुट्टी त्यांच्यावरून सुचली.

एवढे करून आईची तक्रार राहिलीच. "समोरचा हा खोकतच नाही की रे!" वडिलांच्या हातात हुकमाचा एक्का आला की त्यांना हमखास खोकला येई. साऱ्या घराला ते ठाऊक होते, तरी कोणी हरकत घेत नसे. खोकला संगणकात घालता आला असता. मी घातला नाही.

मागच्या रविवारी घरी आलो तर संगणक बंद. आईने कपाटातला कॅट काढून शेजारची दोन मुले बसवली होती. चौथा भिडू म्हणून माझीच वाट पाहत होते. मुलांना हुकूम, उतारी, सारे पाठ. "कुणी शिकवलं रे?" मी विचारले. दोघांनी संगणकाकडे बोट दाखवले.

त्या दोघांची नावेही या यादीत धरावीत. पहिला डाव त्यांनीच जिंकला.